इमारतींच्या बाह्य धुलाईच्या वेळी आवारातील वनस्पतींचे संरक्षण : मीरा-भाईंदर शहराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

इमारतीच्या बाह्य भिंती व गच्ची धुताना वापरण्यात येणाऱ्या रसायनांमुळे आवारातील झाडांना इजा पोहोचते. 'पाने अगोदर भिजवावीत व नंतर धुवावीत' हा प्रचलित उपाय पानांचे रक्षण करतो. मात्र धुऊन निघालेले रसायन अखेरीस मातीतच उतरते. ज्या शहराचा बराचसा भाग खाजण व मिठागरांच्या सान्निध्यात, भरावाच्या जमिनीवर वसला आहे, तेथे हा उपाय अपुरा पडतो. धुलाईच्या पाण्यातील मीठ, त्याचा जमिनीतील मुक्काम आणि त्यावरील व्यवहार्य उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बाह्य धुलाई, सोडियम हायपोक्लोराईट, मृदा-क्षारता, निचरा, गृहनिर्माण संस्था.

१. प्रास्ताविक

मीरा-भाईंदर नगरपरिषदेची स्थापना १९८५ साली झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे रूपांतर महानगरपालिकेत झाले. १९९१ च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख असलेली येथील लोकसंख्या २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८,०९,३७८ वर पोहोचली. या वाढीचा दुसरा अर्थ असा की, येथील इमारतींचा फार मोठा हिस्सा एकाच पिढीतील आहे आणि ती संपूर्ण पिढी आता एकदमच तिशी गाठत आहे किंवा ओलांडून गेली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची ३ वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी अपेक्षित असते. तपासणीपाठोपाठ दुरुस्ती येते, दुरुस्तीपाठोपाठ रंगकाम येते आणि रंगकामापूर्वी भिंतींची धुलाई येते.

इमारत तीस वर्षांची असेल तर तिच्या आवारातील नारळ, सोनचाफा वा आंबाही तितक्याच वयाचा असतो. रंग पुन्हा देता येतो, गिलावा पुन्हा करता येतो. परंतु तीस वर्षांची सावली कोणत्याही कंत्राटदाराच्या दरपत्रकात उपलब्ध नसते. असे असूनही दुरुस्तीच्या निविदांत परांचीचा चौरस फुटांचा दर, रंगाच्या हातांची संख्या व जलरोधकाची हमी यांचा तपशील पानोपानी असतो, झाडांविषयी मात्र बहुधा एकही ओळ नसते. परांची उतरल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी कुंपणालगतचे एखादे झाड वाळू लागते तेव्हा दोष कीड, ऊन किंवा माळी यांच्या माथी मारला जातो. धुलाई त्या वेळी कोणाच्या स्मरणातही नसते.

२. भिंतीवर नेमके काय असते आणि ते कशाने काढतात

कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत बाह्य भिंतींवर दिसणारे काळे ओघळ म्हणजे निव्वळ धूळ नव्हे. त्यांत नीलहरित शैवाले, बुरशी व त्यांनी धरून ठेवलेली काजळी यांचा थर असतो. काही भिंतींवर नारिंगी-तांबूस छटा दिसते. ती ट्रेन्टेपोहलिया या शैवालाची असू शकते; वर्गीकरणाने ते हरित शैवाल असले तरी त्यातील कॅरोटीन रंगद्रव्यामुळे ते हिरवे दिसत नाही. उत्तन, राई, मुर्धे या जुन्या गावठाणांतील कौलारू छपरांवर शेवाळासोबत हरितावर्गीय वनस्पती व दगडफूलही आढळते.

हा थर काढण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रसायन म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट होय. बाजारात ते सामान्यतः १० ते १२ टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या रूपात, प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये मिळते. गच्चीवर विरंजक चूर्ण, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, पसरण्याची रीतही रूढ आहे. सिमेंटचे डाग व चुन्याचे पांढरे थर काढण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात; कामगारांच्या बोलीत त्याला नुसते 'ॲसिड' म्हणतात. येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. हायपोक्लोराईट व आम्ल एकत्र आल्यास क्लोरीन वायू मुक्त होतो. झाडांचा विचार त्यानंतरचा. दोरावर लटकून काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न प्रथम येतो. 'ब्लीचचा परिणाम मारण्यासाठी व्हिनेगर ओतावे' असा घरगुती सल्ला कोणी दिल्यास तो याच कारणास्तव सर्वथा त्याज्य होय.

भिंतीच्या भेगेत रुजलेल्या पिंपळाच्या वा वडाच्या रोपावर आम्ल ओतण्याची प्रथा हा एक वेगळाच विरोधाभास आहे. भिंतीवरील रोप त्याने बहुधा मरत नाही, कारण मूळ भेगेत खोलवर गेलेले असते. ओघळलेले आम्ल मात्र खालच्या वाफ्यातील मोगऱ्यावर उतरते.

३. इजा कशी होते : तीन निरनिराळी लक्षणे

झाड धुलाईने आजारी पडले की अन्य कारणाने, हे ओळखण्यासाठी लक्षणे केव्हा व कोठे प्रकटतात हे पाहावे लागते.

पहिला प्रकार थेट भाजण्याचा. हायपोक्लोराईटचे द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि ते प्रबळ ऑक्सिडीकारकही असते. पानाच्या पृष्ठभागावरील मेणचट थर, त्याखालील पेशीपटल व हरितद्रव्य यांवर त्याचा आघात होतो. एक ते तीन दिवसांत पानांवर फिकट, नंतर तपकिरी चट्टे उमटतात. जेथे थेंब पडला तेथेच चट्टा दिसतो. हे दृश्य भयावह असले तरी तुलनेने निरुपद्रवी असते. फांदी व मूळ शाबूत असल्यास नवी पालवी फुटते.

दुसरा प्रकार मिठाचा. त्यात चट्टे ठिपक्यांसारखे नसतात. जुन्या पानांच्या कडा व टोके करपतात, करपलेला भाग आत सरकत जातो आणि पाणी भरपूर असूनही झाड तहानलेले दिसते. मातीतील द्रावणात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते, हे त्यामागील कारण होय. हा परिणाम काही आठवड्यांनी दिसू लागतो व महिनोन् महिने टिकतो.

तिसऱ्या प्रकारात कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात. गिलाव्याचा सांडलेला माल, सिमेंटची निवळी व चुना यांमुळे मातीची अल्कधर्मिता वाढते आणि मातीत लोह असूनही ते मुळांना शोषता येत नाही. अनंत व जास्वंद यांवर हे लक्षण लवकर उमटते.

माळ्याचे लक्ष साहजिकच पहिल्या प्रकाराकडे जाते. झाड दगावते ते मात्र बहुधा दुसऱ्या प्रकाराने.

४. एका कॅनमधील मीठ

सोडियम हायपोक्लोराईट शैवालाशी अभिक्रिया करून संपते तेव्हा त्यातून उरते ते सोडियम क्लोराईड, म्हणजेच साधे मीठ. 'ब्लीच उडून जाते' ही समजूत अर्धीच खरी आहे. जातो तो वास, मीठ मागे राहते. शिवाय कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात क्लोरीन सोडून हे रसायन तयार करतात तेव्हा हायपोक्लोराईटच्या प्रत्येक रेणूमागे मिठाचा एक रेणू त्याच वेळी निर्माण होतो. म्हणजे कॅन उघडण्यापूर्वीच त्यात मीठ असते.

याचा हिशेब अवघड नाही. ३५ लिटरच्या कॅनमध्ये दर १०० मिलीलिटरला १० ग्रॅम हायपोक्लोराईट आहे असे धरल्यास एकूण साडेतीन किलो हायपोक्लोराईट होते. रेणुभारांच्या गुणोत्तराने (७४.५ ला ५८.५) त्यापासून सुमारे पावणेतीन किलो मीठ उरेल आणि निर्मितीच्या वेळचे तितकेच मीठ त्यात अगोदरपासून असेल. एका कॅनमागे मिठाचे प्रमाण याप्रमाणे साडेपाच किलोच्या घरात जाते.

आता हे पाणी भिंतीच्या पायथ्याशी २० मीटर लांब व १ मीटर रुंद वाफ्यात उतरले आणि ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत पसरले, असे समजू. एवढ्या मातीचे वजन पावणेआठ टनांच्या आसपास भरते. मातीचे संपृक्त जलप्रमाण ४० टक्के धरल्यास तिच्यातील द्रावणात दर लिटरला पावणेदोन ग्रॅम मिठाची भर पडते आणि विद्युतवाहकता अदमासे २.७ डेसिसायमन्स प्रति मीटरने वाढते. मृदाशास्त्रात ४ डेसिसायमन्स प्रति मीटर या पातळीपासून जमीन क्षारयुक्त गणली जाते. गुलाब, लिंबू, आंबा यांसारखी संवेदनशील झाडे त्याही अगोदर त्रासू लागतात. हे गणित ढोबळ आहे, कारण काही पाणी फरसबंदीवरून गटारात जाते. तथापि एका इमारतीला एकच कॅन लागतो असेही नाही.

यातच साठवणुकीचा प्रश्न मिसळतो. उन्हात ठेवलेल्या कॅनमधील हायपोक्लोराईट हळूहळू विघटित होते. वास व शक्ती कमी झाल्याने कामगार अंदाजाने अधिक द्रावण ओततो. विघटनातून मीठ तर तयार झालेलेच असते, त्याशिवाय सोडियम क्लोरेटही तयार होते. आणि सोडियम क्लोरेट हे एकेकाळी तणनाशक म्हणून सर्रास वापरले जाणारे रसायन आहे. शिळे ब्लीच भिंतीच्या दृष्टीने निकामी झाले तरी मातीच्या दृष्टीने निकामी होत नाही.

५. परदेशी सल्ला व येथील जमीन

इमारतीची धुलाई हा व्यवसाय अमेरिकेत बराच संघटित आहे. तेथील घरांच्या डांबरी पत्र्यांच्या छपरांवर ग्लिओकॅप्सा या नीलहरित शैवालाचे काळे पट्टे उमटतात व ते हायपोक्लोराईटने काढले जातात. झाडांसाठी तेथे दिला जाणारा सल्ला म्हणजे फवारणीपूर्वी झाडे व माती पाण्याने संपृक्त करावीत, फवारणी चालू असताना ओली ठेवावीत व शेवटी भरपूर पाण्याने धुवावीत. हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे. भिजलेल्या पानावर पडलेला थेंब लगेच विरळ होतो, आणि पाण्याने तृप्त झालेले मूळ नवे द्रावण कमी ओढते. उतार व निचरा असलेल्या बागेत अखेरच्या पाण्याबरोबर मीठ मुळांच्या खाली निघून जाते व प्रश्न मिटतो.

मीरा-भाईंदरमध्ये हे 'खाली निघून जाणे' गृहीत धरता येत नाही. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये खाजणे व मिठागरे अशा भूमीवर या शहराचा बराच भाग उभा आहे. भरावाखालील मूळ चिखल पाणी सहज झिरपू देत नाही, भूजलाची पातळी उथळ असते व ते भूजल स्वतःच खारट असते. त्यावर आवारात पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि झाडांना मिळतो तो सिमेंटच्या कठड्यांत कोंडलेला अरुंद वाफा. या वाफ्यात अखेरचे पाणी कितीही ओतले तरी मीठ पानावरून मातीत येते आणि तेथेच घुटमळते. उन्हाळ्यात पाणी वाफ होऊन वर जाते, मिठाचा पांढुरका थर पृष्ठभागावर जमतो. ज्या तत्त्वावर शेजारची मिठागरे चालत आली, तेच तत्त्व येथे वाफ्यात काम करते.

धुण्यासाठी वापरलेले पाणी कोणते हाही प्रश्न आहे. या शहराची तहान शहाड-टेमघर व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांच्या दूरवरून येणाऱ्या पाण्यावर भागत आली आहे आणि टंचाई येथे नवी नाही. पिण्याचे पाणी झाडांवर ओतण्यास सभासदांचा विरोध होतो, तो अनाठायी म्हणता येणार नाही. मग कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. खाडीलगतच्या कूपनलिकांचे पाणी बहुधा मचूळ असते, म्हणजे मीठ धुण्यासाठी आणखी मीठ ओतले जाते.

६. उपाययोजना

यास्तव प्रस्तुत लेखकाच्या मते मुख्य प्रश्न पान कसे झाकावे हा नसून पाणी कोठे जाते हा आहे. गच्चीवरील धुलाईचे पाणी पावसाळी नळांतून खाली येते. त्या नळांची तोंडे अनेक इमारतींत थेट वाफ्यात सोडलेली असतात. काम सुरू होण्यापूर्वी या तोंडांना लवचीक नळी जोडून ते पाणी पिंपात घ्यावे. भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्यासाठी पायथ्याशी ताडपत्री अशी अंथरावी की तिची भिंतीकडील कड भिंतीला चिकटून वर राहील व दुसरी कड वाफ्याच्या कठड्यावरून बाहेर उतरेल. झाडाचे आळे तेवढ्या दिवसांपुरते मातीने बुजवून बुंध्याभोवती उंचवटा करावा. एरवी पाणी धरून ठेवणारे आळे धुलाईच्या दिवशी मिठाचे पाणीही तितक्याच निष्ठेने धरून ठेवते.

पिंपातील पाण्याचे काय करावे? ते तसेच पावसाळी नाल्यात सोडल्यास क्लोरीन खाडीतील मासे व अन्य जलचरांपर्यंत पोहोचते. त्यावर सोडियम थायोसल्फेट हा स्वस्त उपाय आहे. छायाचित्रणात पूर्वी 'हायपो' या नावाने परिचित असलेले व मत्स्यालयात वापरले जाणारे हेच रसायन होय. एक ग्रॅम मुक्त क्लोरीन निष्प्रभ करण्यास व्यवहारात त्याचे सुमारे सात ग्रॅम स्फटिक पुरतात. क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे पाणीपुरवठ्याच्या कामात वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोटोलिडीन चाचणीने पाहता येते. पिवळा रंग न आल्यास क्लोरीन संपला असे समजावे. अशा रीतीने निष्प्रभ केलेले पाणी मलनिस्सारण वाहिनीत सोडावे. त्यातील मीठ अखेर खाडीत जाईल, परंतु खाडीला मीठ नवीन नाही. वाफ्याला मीठ नको असते आणि खाडीला क्लोरीन नको असतो, एवढी विभागणी ध्यानात ठेवली म्हणजे पुरे. थायोसल्फेट क्लोरीन नष्ट करते, मीठ नव्हे. उलट त्यातही सोडियमच असते. 'न्यूट्रलायझर मारला आहे' या कंत्राटदाराच्या आश्वासनाचा अर्थ तेवढाच घ्यावा.

पाने झाकण्यासाठी गोणपाट, जुन्या चादरी अथवा सावलीची जाळी वापरावी व ती साध्या पाण्याने ओली ठेवावी. प्लॅस्टिकने झाड गुंडाळून दिवसभर उन्हात ठेवणे घातक ठरते, कारण आतील उष्णतेने पाने शिजतात. त्या भागाची धुलाई चालू असेल तेवढा वेळच प्लॅस्टिक ठेवावे. कुंड्यांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही. त्या उचलून दूर ठेवाव्यात. खिडकीच्या जाळीतील तुळस सभासदांनी स्वतः आत घ्यावी, यासाठी संस्थेने दोन दिवस अगोदर सूचना लावावी.

रसायन मुळातच कमी वापरता येईल काय, याचे उत्तर होकारार्थी आहे. मे महिन्यात शेवाळ वाळून पापुद्र्यासारखे सुटते. तेव्हा ताठ ब्रशने घासून, पापुद्रे झाडूने गोळा करून मगच उरलेल्या डागांवर सौम्य द्रावण लावल्यास बरेच ब्लीच वाचते. हायड्रोजन पेरॉक्साईड पानांना भाजते, परंतु त्याचे विघटन पाणी व ऑक्सिजन यांत होत असल्याने मातीत क्षार राहत नाही. ते महाग पडते हा त्याचा दोष. 'ऑक्सिजन ब्लीच' या नावाने मिळणारे सोडियम परकार्बोनेट मात्र पर्यावरणस्नेही म्हणून डोळे मिटून स्वीकारू नये. त्यातून धुण्याचा सोडा उरतो आणि तो मातीच्या दृष्टीने मिठाहून बरा नाही.

७. काळ व करार

दिवाळीपूर्वी घर उजळण्याची आपली परंपरा आहे आणि पावसाळ्यानंतर लगेच भिंती धुण्याकडे संस्थांचा कल असतो. झाडांच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत गैरसोयीचा होय. हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारलेल्या सर्वसाधारण तारखांनुसार मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो व ११ जूनच्या सुमारास येतो. ऑक्टोबरमध्ये मातीत गेलेले मीठ म्हणजे आठ महिने तेथेच मुक्कामास राहते. तेच काम मेच्या उत्तरार्धात केल्यास दोन-तीन आठवड्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाचा हंगाम सुरू होतो आणि निचरा कितीही मंद असला तरी एवढ्या पाण्यापुढे मिठाचा बराच भाग वाहून जातो. मेमधील उन्हाची धग लक्षात घेऊन फवारणी सकाळी आठपूर्वी उरकावी. रंगकाम पावसाळ्यानंतरच करावयाचे असल्यास त्या वेळी साध्या पाण्याची हलकी धुलाई पुरते.

करारनाम्यात वापरावयाचे रसायन, त्याची तीव्रता, कॅनची संख्या व भरणाची तारीख, पावसाळी नळांचे पाणी वळविण्याची जबाबदारी आणि आवारातील झाडांची छायाचित्रांसह यादी या बाबी नमूद कराव्यात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यातील 'वृक्ष तोडणे' या संज्ञेच्या व्याख्येत झाड जाळणे, कापणे याबरोबरच त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे याचाही समावेश आहे, हे कंत्राटदारास लेखी कळवावे. परांचीच्या अडथळ्यासाठी फांदी छाटावयाची असल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. रात्रीतून मुळाशी आम्ल ओतून तो अडथळा दूर करणे हाही याच अधिनियमाचा भंग ठरतो.

मातीची तपासणी संस्थेला स्वतः करता येईल. घराघरांतील जलशुद्धीकरण यंत्रासोबत येणारे टीडीएस मीटर त्यासाठी पुरते. धुलाईपूर्वी वाफ्यातील एक वाटी कोरडी माती पाच वाट्या शुद्धीकृत पाण्यात ढवळावी, अर्धा तास निवळू द्यावी व वरच्या पाण्याचे वाचन नोंदवावे. भिंतीपासून दूरच्या एखाद्या वाफ्याचे वाचनही तुलनेसाठी घ्यावे. धुलाईनंतर आठ दिवसांनी आणि पुन्हा जुलैच्या मध्यास तीच कृती करावी. जुलैमध्ये वाचन पूर्वपातळीजवळ न आल्यास कठड्याला तळाशी छिद्रे पाडून निचऱ्यास वाट द्यावी व मातीत जिप्सम मिसळावे. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमची जागा घेते, परंतु सुटलेला सोडियम वाहून नेण्यास पाऊस लागतो. म्हणून हे काम ऑगस्टपर्यंत पुरे व्हावयास हवे. त्यानंतरही वाचन चढेच राहणाऱ्या वाफ्यात गुलाब वा लिंबू पुन्हा लावण्यापेक्षा कण्हेर, बोगनवेल, भेंड किंवा नारळ लावावा.